चारठाण्याचा पाऊस आणि प्रश्नांचे मीटर

क्लाउड डेटा वेअरहाउस म्हणजे माहितीचे भाड्याचे कोठार. माहिती नुसती ठेवण्याचे भाडे किरकोळ असते. खरा खर्च तिला प्रश्न विचारण्याचा. कोठार नेमके कोणत्या गावात आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते, किती यंत्रे राबली हे दिसत नाही आणि उत्तर दोन सेकंदांत हजर होत असल्याने यात कोणाचे काही गेले असेल अशी शंकाही येत नाही. शंका महिनाअखेरीस येते, बिलाच्या रूपाने.

या खर्चाला आवर घालायची साधने दोन: इशारा आणि मर्यादा. इशारा सांगतो, मर्यादा थांबवते. फरक एका ओळीत संपतो. पण बहुतेक कार्यालये इशारा लावतात आणि मर्यादा लावल्याच्या समाधानात झोपी जातात. विषय नीट कळावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवणे बरे, आणि त्यासाठी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातले चारठाणा सोयीचे आहे.

उदाहरणाची मांडणी

चारठाणा प्रसिद्ध आहे ते यादवकालीन मंदिरे, कोरीव मानस्तंभ आणि बारव यांसाठी. महसूल खात्याच्या कागदावर मात्र ते एक महसूल मंडळ आहे. राज्याच्या कृषी विभागाने २०१७ साली स्कायमेट या हवामान कंपनीच्या सहभागाने ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला आणि मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. केंद्र दर दहा मिनिटांनी पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदवते. अशी केंद्रे राज्यात दोन हजारांवर आहेत. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पुढे पंचनामे, पीकविमा, मदत हे सारे त्या आकड्याभोवती फिरते. त्यामुळे सोयाबीनच्या दिवसांत त्याच्याकडे डोळे लावून बसणारे बरेच असतात.

आता हिशेब. एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी. केंद्रे दोन हजार धरली तर दिवसाला २ लाख ८८ हजार आणि वर्षाला साडेदहा कोटी. एका नोंदीला १०० बाइट धरले, तर राज्याचा वर्षभराचा ऊनवारापाऊस साडेदहा गीगाबाइटमध्ये मावतो. ड्रोनसकट काढलेले एक लग्न एवढ्या जागेत क्वचितच बसते.

समजा, ही माहिती एका काल्पनिक कार्यालयाने क्लाउडच्या कोठारात ठेवली आणि साहेबांच्या दालनाबाहेर भिंतीवर एक मोठा पडदा लावला. पडद्यावर एकच प्रश्न सतत चालू: आज चारठाण्यात किती पाऊस झाला? वर कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘लाइव्ह’ लिहिलेले असल्यामुळे तो शब्द खरा करण्यासाठी पडदा दर मिनिटाला ताजा होतो. केंद्र दर दहा मिनिटांनी बोलते, हे पडदा लावणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. दहापैकी नऊ वेळा तेच उत्तर येते, आणि दहाही वेळा त्याचे पैसे पडतात.

मीटरचे दोन प्रकार

पहिला प्रकार वाचनावर पैसे घेणारा. गूगलच्या बिगक्वेरीची मागणीनुसार आकारणी या जातीची आहे. प्रश्नाचे उत्तर शोधताना जितकी माहिती वाचली गेली तितके बिल. अमेरिकेतला दर टेबीबाइटला ६.२५ डॉलर, महिन्याचा पहिला टेबीबाइट फुकट. टेबीबाइट म्हणजे टेराबाइटपेक्षा दहा टक्क्यांनी थोर, आणि हा थोरपणा बिल वाचेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

या मीटरची खुबी अशी की उत्तर केवढे आले याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ‘सिलेक्ट स्टार’ म्हणजे सगळे रकाने मागवले की पावसाबरोबर वाऱ्याची दिशाही वाचली जाते, ती कोणाला हवी असो वा नसो. नव्याने रुजू झालेला हुशार मुलगा काटकसर म्हणून शेवटी ‘लिमिट १०’ लिहितो. साध्या टेबलावर याने दिसणाऱ्या ओळी दहा होतात आणि वाचलेल्या साडेदहा कोटीच राहतात.

एकदा विचारलेला तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर चोवीस तासांपर्यंत जुने उत्तर फुकट मिळण्याचीही सोय आहे. अट एवढीच की मधल्या काळात टेबल बदललेले नसावे आणि प्रश्नात चालू तारीख-वेळेसारखे बदलते काही नसावे. पडद्यावरच्या प्रश्नाची सुरुवातच ‘आज’ने होत असल्यामुळे ही सवलत त्याला कधीच लाभत नाही.

तेव्हा पडद्याचा प्रश्नही ‘सिलेक्ट स्टार’चाच धरला, तर बिल असे: साडेदहा गीगाबाइट दर मिनिटाला, दिवसातून १,४४० वेळा, म्हणजे दिवसाला पावणेचौदा टेबीबाइट. दिवसाचे ८६ डॉलर, तीस दिवसांचे सुमारे २,५७५. डॉलरला ८५ रुपये धरले तर महिन्याला दोन लाख एकोणीस हजार रुपये. एवढ्या रकमेत चारठाण्यात एक माणूस नेमून त्याला खिडकीतून बाहेर पाहायला बसवता येईल, छत्रीसह.

दुसरा प्रकार वेळेनुसार पैसे घेणारा. स्नोफ्लेक नावाच्या सेवेत प्रश्न सोडवणाऱ्या यंत्रांच्या गटालाच वेअरहाउस म्हणतात. तो जागा असेपर्यंत क्रेडिट, म्हणजे बिलाची एकके, खर्च होतात, झोपला की थांबतात. सर्वांत लहान गट तासाला एक क्रेडिट खातो आणि पुढचा प्रत्येक आकार दुप्पट: दोन, चार, आठ, सोळा. आकारणी सेकंदाची असली, तरी प्रत्येक वेळी उठवल्याचे किमान साठ सेकंदांचे पैसे लागतात. चार सेकंदांच्या कामासाठी उठवले तरी मिनिट भरावेच लागते.

काम नसेल तर वेअरहाउसने किती वेळाने झोपायचे हे ठरवता येते. कोणी काही ठरवले नाही तर ही वेळ मुळात ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटे असते. चारठाण्याचे केंद्रही दहा मिनिटांनी बोलते. समजा, कार्यालयाने शहाणपणा करून पडदा दर दहा मिनिटांवर आणला. केंद्राचा आकडा येतो, पडदा प्रश्न विचारतो, वेअरहाउस उत्तर देऊन दहा मिनिटे वाट पाहते, डोळा लागणार तोच पुढचा आकडा येतो. दोन्ही दहा मिनिटे आपापल्या जागी अत्यंत वाजवी; एकत्र आली की वेअरहाउसला महिनाभर झोप नाही. दिवसाची २४, तीस दिवसांची ७२० क्रेडिट. अमेरिकेतल्या स्टँडर्ड आवृत्तीच्या दोन डॉलर दराने १,४४० डॉलर. हीच झोपेची वेळ ६० सेकंदांवर आणली, तर वेअरहाउस दिवसाला अडीच-तीन तासच जागे राहते. एक आकडा बदलल्याने बिल एक-अष्टमांशावर येते. पण तो आकडा कोणत्या पानावर आहे हे शोधण्यासाठी एक बैठक लागते.

बैठकीत बहुधा वेगळाच निर्णय होतो. पडदा हळू चालतो अशी कुणाची तरी तक्रार असते, म्हणून आकार ‘लार्ज’ करायचे ठरते. उत्तर तीन सेकंदांऐवजी एका सेकंदात येऊ लागते आणि बिल आठपट होते. पाऊस मात्र पूर्वीच्याच वेगाने पडत राहतो.

खर्च का जाणवत नाही

चारठाण्याच्या बारवेतून पाणी आणायचे तर पायऱ्या उतराव्या लागत आणि भरली घागर घेऊन पुन्हा चढाव्या लागत. दर घागरीचा खर्च त्याच क्षणी गुडघ्यांत जमा होई. त्यामुळे दर मिनिटाला एक घागर आणण्याची कल्पना कोणाला सुचली नाही आणि सुचली असती तरी दुपारपर्यंत टिकली नसती. क्लाउडमध्ये खर्च करणारा एक, बिल पाहणारा दुसरा आणि भरणारा तिसरा असतो. तिघांचे गुडघे उत्तम असतात. पुढची सगळी साधने हे गुडघेदुखीचे काम कृत्रिमरीत्या करण्यासाठी आहेत.

इशारा

इशाऱ्याचे सर्वांत प्रचलित रूप म्हणजे बजेट. महिन्याची रक्कम ठरवायची आणि तिचे टप्पे नेमायचे. गूगल क्लाउडमध्ये हे टप्पे मुळात ५०, ९० आणि १०० टक्के असतात. मोबाइल डेटा किती संपला हे ग्राहकाला कळवण्यासाठी ट्रायच्या नियमांत आहेत तेही हेच टप्पे. ५० टक्क्यांचा संदेश आला म्हणून चालू रील अर्ध्यावर सोडणारा मनुष्य चारठाण्यात नाही आणि इतरत्रही नाही. परंतु मोबाइलच्या रोजच्या पॅकमध्ये १०० टक्क्यांनंतर वेग इतका उतरतो की रील आपोआप गोल फिरत बसते. क्लाउडच्या बजेटमध्ये १०० टक्क्यांनंतर आणखी एक मेल येते. बजेट ओलांडल्याने खर्च थांबत नाही. ओलांडले एवढेच कळते. अशा रीतीने दोनशे-तीनशे रुपयांच्या पॅकला जे संरक्षण असते, ते लाखाच्या बिलाला नसते.

इशाऱ्याला उशीरही होतो. खर्चाचे आकडे हिशेबखात्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ॲमेझॉनच्या बजेटची माहिती दिवसातून फार तर तीनदा ताजी होते. सकाळी चुकीने सुरू झालेल्या प्रश्नाची बातमी संध्याकाळी आली, तर ती बातमी नसते, इतिहास असतो. यावर उपाय म्हणून अंदाजावर आधारलेले इशारेही लावता येतात: याच चालीने गेलात तर महिनाअखेर इतके होईल, असे ते दहा तारखेलाच सांगतात.

इशारा कोणाला जातो हा प्रश्न सर्वांत मानवी आहे. गूगलच्या बजेटची मेल मुळात बिलिंग खाते सांभाळणाऱ्यांना जाते. हे खाते ज्याने प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात उघडले, तो पुष्कळदा दोन नोकऱ्या पुढे गेलेला असतो. म्हणून कार्यालये खबरदारी घेतात आणि इशारा सर्वांना पाठवतात. सर्वांना आलेली मेल दुसरा कोणीतरी पाहणार, अशी प्रत्येकाची खात्री असते. इशारा एकाच माणसाला, नावानिशी जावा. त्याला बटण बंद करण्याचा अधिकार असावा. आणि तो रजेवर असताना कोणाला जाईल हे लिहिलेले असावे. टप्पेही बेताने असावेत. दर पाच टक्क्यांनी येणारा इशारा आठवड्याभरात सुप्रभातच्या संदेशांच्या पंगतीत जाऊन बसतो.

मर्यादा

मर्यादा एका प्रश्नावर, एका दिवसावर किंवा एका कोठारावर घालता येते.

एका प्रश्नावरची मर्यादा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. बिगक्वेरीत एका क्वेरीला, म्हणजे प्रश्नाला, जास्तीत जास्त किती बाइटचे बिल लागावे हे आधीच सांगता येते. अंदाज त्याच्या वर गेला तर क्वेरी चालत नाही आणि पैसेही लागत नाहीत. क्वेरी न चालवता नुसता अंदाज काढण्याची फुकट सोयही आहे. ती वापरायला फक्त संयम लागतो. स्नोफ्लेकमध्ये क्वेरी किती सेकंद चालावी याची मर्यादा असते. मूळ मुदत १,७२,८०० सेकंद. आकडा काटेकोर दिसतो. भागाकार केला की पूर्ण दोन दिवस निघतात. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून विसरलेली क्वेरी या मर्यादेच्या कृपेने रविवारी संध्याकाळी थांबते.

दिवसावरची मर्यादा बिगक्वेरीत संपूर्ण प्रकल्पाला आणि माणशी, अशी दोन्ही प्रकारे लावता येते. माणशी मर्यादा ठराविक व्यक्तीपुरती वेगळी ठेवता येत नाही. प्रकल्पात सर्वांना सारखीच. साहेब, शिकाऊ आणि भिंतीवरचा पडदा यांना समान वागवणारी व्यवस्था कार्यालयात दुसरी नाही. म्हणूनच ती लावण्याचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर बराच काळ विचाराधीन असतो.

कोठारावरच्या मर्यादेचे नमुनेदार रूप म्हणजे स्नोफ्लेकचा रिसोर्स मॉनिटर. त्याला क्रेडिटचा कोटा आणि मुदत दिली की टक्केवारीनुसार तो तीन गोष्टी करू शकतो: कळवणे, चालू क्वेरी पूर्ण होऊ देऊन वेअरहाउस झोपवणे, किंवा चालू क्वेरी तोडून जागच्या जागी झोपवणे. मॉनिटर नेमका काट्यावर थांबत नाही, थोडा पुढे घसरतो. म्हणून थांबवण्याचा टप्पा १०० ऐवजी ९० टक्क्यांवर ठेवणे शहाणपणाचे. शिवाय आपोआप माहिती भरणाऱ्या सर्व्हरलेस सेवांचा खर्च त्याच्या कक्षेत येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे बजेट लावावे लागते. ॲमेझॉनच्या रेडशिफ्ट सर्व्हरलेसमध्येही अशाच तीन पायऱ्या आहेत: नोंद करा, कळवा, क्वेरी बंद करा. बहुतेक कार्यालये पहिल्या पायरीवर मुक्काम करतात.

दिवस केव्हा संपतो

दिवसाची मर्यादा म्हटली की दिवस कोणाचा, हे विचारावे लागते. बिगक्वेरीचा रोजचा कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मध्यरात्री नवा होतो. भारतात तेव्हा दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात. कोणते, हे तिथल्या लोकांनी घड्याळ पुढे केले आहे की नाही यावर अवलंबून. म्हणजे सकाळी दहाला कोटा संपवणाऱ्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत धीर धरला की नवा दिवस मिळतो. स्नोफ्लेकचा मॉनिटर जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचला, कोटा नव्याने मोजू लागतो. चारठाण्यात ती धारा काढण्याची वेळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठला संपतो.

त्यामुळे पडद्यावरचा ‘आज’ तीन ठिकाणी तीन वेळी सुरू होतो. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी साहेबांनी आकडा विचारला, तर पावसाचा दिवस संपला आहे, स्नोफ्लेकचा सुरू होऊन तीन तास झाले आहेत आणि बिगक्वेरीचा कालचाच चालू आहे, असे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असते. ते देण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

मर्यादा नको तेव्हाच लागते

मर्यादेचा एक दोष तिच्या गुणातच आहे. ती खर्च थांबवते म्हणजे उत्तरही थांबवते. ज्या रात्री चारठाणा मंडळात ६४ मिलिमीटरपर्यंत आकडा चढलेला असेल, त्याच रात्री तलाठ्यापासून विमा प्रतिनिधीपर्यंत सारे जण तोच प्रश्न विचारत बसतील. कोरड्या एप्रिलमध्ये कधी न गाठलेला कोटा त्या रात्री संपेल आणि ऐन मोक्याला पडद्यावर आकड्याऐवजी इंग्रजीत दिलगिरी झळकेल. सगळा वर्षाचा खटाटोप ज्या एका आकड्यासाठी केला, तो वगळून बाकी सर्व आकडे तोवर वेळेवर मिळालेले असतील.

म्हणून गरजेचे आणि हौशीचे प्रश्न एकाच मर्यादेखाली ठेवू नयेत. अतिवृष्टीच्या हिशेबासाठी एक प्रकल्प किंवा वेअरहाउस राखून त्याला सैल मर्यादा आणि लवकरचा इशारा द्यावा. पडदा, प्रयोग आणि ‘सहज पाहिले’ या सदरातल्या प्रश्नांसाठी दुसरा ठेवून त्याला घट्ट मर्यादा लावावी. पहिल्यावर इशारा वाजला तर माणसाने उठून पाहावे. दुसऱ्यावर मर्यादा लागली तर कोणीही उठू नये. कोणता प्रश्न कोणत्या खात्यावर जाईल हे ठरवण्यासाठी मात्र स्वतःचा प्रश्न हौशीचा आहे हे कोणाला तरी कबूल करावे लागते, आणि इथे बहुतेक योजना अडतात.

मुळावरचा उपाय

इशारा आणि मर्यादा दोन्ही लावल्यानंतर शेवटचे काम उरते ते प्रश्न लहान करण्याचे. बिगक्वेरीत टेबलाचे तारखेनुसार भाग पाडता येतात आणि तारखेची अट नसलेली क्वेरी चालूच द्यायची नाही, असा नियमही टेबलाला लावता येतो. वेळेच्या रकान्यावर पाडलेले हे भाग जागतिक प्रमाणवेळेने, म्हणजे भारतातल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच असे पडतात. पावसाचा दिवस साडेआठचा. त्यामुळे एका पावसाळी दिवसासाठी दोन भाग वाचावे लागतात: दोन दिवसांच्या ५ लाख ७६ हजार नोंदी, साडेदहा गीगाबाइटऐवजी ५८ मेगाबाइट. तोच पडदा, तोच प्रश्न, दर मिनिटाला. तरी महिन्याचे वाचन सव्वादोन टेबीबाइट. त्यातला पहिला फुकट, उरलेल्याचे जेमतेम आठ डॉलर. दोन लाख एकोणीस हजारांचे पावणेसातशे रुपये होतात.

पुढे पडदा दर मिनिटाऐवजी दर दहा मिनिटांनी ताजा केला, केंद्र बोलते तेव्हाच, तर महिन्याचे वाचन पाव टेबीबाइटच्या आत येते. म्हणजे फुकट हद्दीत. साठवणीचीही दरमहा १० गीबीबाइटची जागा फुकट असते आणि गीबीबाइटही गीगाबाइटपेक्षा थोर असल्याने वर्षाचा साडेदहा गीगाबाइटचा ऐवज तिच्यात थोडक्यात बसतो. बिल शून्य.

साधनांचा क्रम यावरून ठरतो. आधी प्रश्न लहान करावा, मग प्रत्येक प्रश्नावर मर्यादा, मग दिवसावर, मग कोठारावर, आणि सर्वांत शेवटी नावानिशी माणसाला जाणारा इशारा. प्रत्यक्षात हा क्रम उलटा पाळला जातो, कारण इशारा लावायला पाच मिनिटे लागतात आणि प्रश्न लहान करायला तो कोणी आणि कशासाठी विचारला हे शोधावे लागते. तेवढे एकदा शोधले की वेअरहाउसचा खर्च मिटतो आणि चोवीस तास चालणाऱ्या भिंतीवरच्या पडद्याचे वीजबिल तेवढे शिल्लक राहते. ते दुसऱ्या खात्यातून जाते.